मदत हवी आहे : टास्क मॅनेजरमधली बेरीज जुळत नाही, उरलेली मेमरी जाते कुठे?

जमाखर्च

नमस्कार मंडळी. यंत्राची माहिती आधीच देते, म्हणजे पहिले चार प्रतिसाद त्यात जायला नकोत. घरचा डेस्कटॉप, पाच वर्षं जुना. विंडोज १०, ६४ बिट. रॅम ८ जीबी, एसएसडी २५६ जीबीची. त्यावर माझं हिशेबाचं काम चालतं, म्हणजे एक्सेलच्या लांबलचक फाइली आणि ब्राउझर. संध्याकाळी मुलाचा गेम.

गेले अडीच आठवडे मशीन रडतखडत चालतंय. एक्सेलमध्ये खाली सरकवलं की पडदा पांढरा होतो, मग बऱ्याच वेळाने आकडे उगवतात. मी आतापर्यंत केलेले उद्योग असे. फोटो आणि व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर हलवून ४० जीबी मोकळे केले, फरक शून्य. व्हर्च्युअल मेमरी तर त्याच्या थोडं आधीच, एका व्हिडिओत सांगितलं म्हणून, बंद केली होती. सी ड्राइव्हवरची ८ जीबीची फाइल गेली म्हणून खूश झाले होते, तर आता 'कॉम्प्युटरची मेमरी कमी आहे, फाइली सेव्ह करा' अशी पाटी यायला लागलीय. शेवटी रॅम साफ करणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर घातलं. बटण दाबलं की ८७ टक्क्यांवरून ५८ वर येतं, दोन मिनिटांत परत ८०. आणि त्या दोन मिनिटांत मशीन आणखीच अडखळतं.

काल रात्री सगळं बंद केलं. एक्सेल नाही, ब्राउझर नाही, काही नाही. टास्क मॅनेजर, म्हणजे कोणता प्रोग्राम किती मेमरी खातो ते दाखवणारी विंडोजची खिडकी, तरी ७१ टक्केच दाखवतोय. मग कागद घेतला आणि मेमरीच्या रकान्यातला एकेक आकडा मांडला. ११३ ओळी. बेरीज आली १.९ जीबी. वर मात्र लिहिलंय ५.५ जीबी वापरात. म्हणजे ३.६ जीबी कुणाच्याच नावावर नाही! ऑफिसात एवढी तफावत निघाली असती तर मला कुणी घरी जाऊ दिलं नसतं.

मशीन रोज रात्री न चुकता बंद करते. व्हायरस तपासून झालाय, काही सापडलं नाही. ही मेमरी कोण खातंय ते कसं शोधायचं?

झटपट

रॅम १६ करा, विषय संपवा. ८ जीबीत आजकाल काय होतंय.

जमाखर्च

करीनही. पण हेच ८ जीबी तीन आठवड्यांपूर्वी पुरत होते. घागरीला भोक असेल तर रांजण आणून काय उपयोग? तोही गळणारच.

खटपट्या

झटपट, जरा दम धरा. ताईंनी बेरीज करून पाहिली, हे शंभरात एखादाच करतो. त्या बेरजेतच उत्तर आहे.

पण आधी दोन गोष्टी जागच्या जागी ठेवू. तुम्ही बंद केलेली व्हर्च्युअल मेमरी आत्ताच्या आत्ता चालू करा आणि 'आकार विंडोजने ठरवावा' या खुणेवर सोडून द्या. विंडोज प्रोग्रामांना मेमरी देताना एक मर्यादा पाळते : रॅम अधिक पेजफाइल, म्हणजे तुमची ती सी ड्राइव्हवरची ८ जीबीची फाइल. टास्क मॅनेजरमध्ये 'कमिटेड' म्हणून दोन आकडे तिरप्या रेघेने लिहिलेले असतात, त्यातला दुसरा ही मर्यादा. पेजफाइल काढून टाकलीत म्हणजे ती मर्यादा रॅमएवढीच उरली. पहिला आकडा, म्हणजे प्रोग्रामांना देऊ केलेली एकूण मेमरी, त्या मर्यादेला टेकला की पाटी येते, मग प्रत्यक्ष रॅम थोडी शिल्लक का असेना. तुम्ही डिस्कवरची ८ जीबी जागा वाचवली आणि मेमरीची ऐपत तेवढीच घटवली.

दुसरं, ते साफसफाईवालं सॉफ्टवेअर काढा. ते काय करतं? चालू प्रोग्रामांना म्हणतं, हातातलं सगळं खाली टाका. आकडा धाडकन उतरतो, बघणाऱ्याला बरं वाटतं. पुढच्या क्षणी प्रोग्रामला तीच पानं (मेमरीचे छोटे तुकडे) पुन्हा लागतात, मग तो एकेक परत उचलत बसतो. तुमचं ते दोन मिनिटांचं अडखळणं म्हणजे ही उचलाउचल. आणि एक गंमत बघा, आकडा ५८ च्या खाली गेलाच नाही. का गेला नसेल, ते पुढे बोलू.

आता हे करा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स', त्यात 'मेमरी'. खालच्या बाजूला सात-आठ आकडे दिसतील, ते सगळे इथे उतरवा. 'पेज्ड पूल' आणि 'नॉन-पेज्ड पूल' विसरू नका.

उगाच एक

फोटो हलवून रॅम मोकळी होईल असं वाटणं ही ताईंची चूक नाही. दोष 'मेमरी कार्ड' या शब्दाचा. कार्डात साठवण असते, रॅमचा संबंध नाही, पण मोबाइलमुळे आपल्या तोंडी 'मेमरी फुल' म्हणजे जागा संपली असंच बसलं. घरी कुणी तसं म्हणालं की मी आधी विचारतो, फोटो मावत नाहीयेत की मशीन अडकतंय?

खटपट्या

बरोबर. त्यात एक भर घालतो. रॅम म्हणजे कामाचं टेबल आणि डिस्क म्हणजे कपाट, हा दृष्टान्त सगळेच देतात, पण त्यातून वेगातला फरक कळत नाही. रॅममधून काही आणायला अंदाजे १०० नॅनोसेकंद लागतात, एसएसडीतून अंदाजे १०० मायक्रोसेकंद आणि जुन्या फिरत्या हार्डडिस्कवरून १० मिलिसेकंद. रॅमच्या फेरीला एक सेकंद लागला असं धरलं, तर एसएसडीच्या फेरीला साधारण १७ मिनिटं होतात आणि हार्डडिस्कच्या फेरीला एक दिवस नि वर चार तास. रॅम भरली की विंडोज पानं डिस्कवर ठेवते आणि लागतील तशी परत आणते. एक्सेल पांढरं पडतं ते ह्या फेऱ्यांमुळे. म्हणून डिस्कवर ४० जीबी मोकळे असोत की ४००, त्याने फेरी जवळची होत नाही.

पेंग्विनप्रेमी

रिकामी रॅम म्हणजे वाया गेलेली रॅम, हेही सांगा कुणीतरी. आमच्या लिनक्सवर 'फ्री' ही आज्ञा दिली की नवखे 'फ्री'चा रकाना बघून घाबरतात. बघायचा असतो 'अव्हेलेबल'चा. डिस्कवरून एकदा वाचलेलं रॅममध्ये ठेवून देतात, पुन्हा लागलं तर फेरी वाचते, आणि दुसऱ्या कुणाला जागा हवी झाली की ते लगेच सोडतात. विंडोजमधलं 'कॅश्ड' साधारण तेच. लिनक्सवर या ना असंही म्हणणार होतो, पण मागच्या धाग्यात त्यावरून बराच मार खाल्लाय.

उगाच एक

म्हणालातच की!

जमाखर्च

व्हर्च्युअल मेमरी परत चालू केली. साफसफाईवालं काढलं. रीस्टार्ट मागत होतं, तो अजून केलेला नाही, आधी आकडे लिहून घेतले. सगळे प्रोग्राम बंद असताना :

वापरात ५.५ जीबी, उपलब्ध २.३ जीबी. कमिटेड ६.२ / ७.८. कॅश्ड २.१ जीबी. पेज्ड पूल ४१० एमबी. नॉन-पेज्ड पूल २.९ जीबी. हार्डवेअरसाठी राखीव २०० एमबीच्या आसपास.

८ मधले २०० एमबी कुठे गेले ते 'राखीव'वरून कळलं. ते अंगच्या ग्राफिक्सचं असावं. पण हा नॉन-पेज्ड पूल काय प्रकार आहे?

खटपट्या

सापडला चोर. निदान त्याची गल्ली तरी सापडली.

प्रोग्रामाची मेमरी गरज पडली तर डिस्कवर ढकलता येते. पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर (नेटवर्क, प्रिंटर वगैरे हार्डवेअरशी विंडोजची गाठ घालून देणारे तुकडे) यांना काही मेमरी अशी लागते की ती कोणत्याही क्षणी रॅममध्येच हवी, डिस्कवर पाठवून चालतच नाही. ती नॉन-पेज्ड. टास्क मॅनेजरच्या यादीत प्रोग्राम असतात, ड्रायव्हर नसतात, म्हणून ही रक्कम तुमच्या ११३ ओळींत कुठेच आली नाही. साफसफाईवाल्याचा आकडा ५८ वर अडला तोही म्हणूनच. या भागाला त्याचा हात लागत नाही. ७.८ पैकी २.९ म्हणजे ३७ टक्के तर इथेच जाम झालेत.

तुमच्यासारख्या मशीनवर हा आकडा सहसा दोन-तीनशे एमबीच्या घरात असतो. २.९ जीबी म्हणजे कुठला तरी ड्रायव्हर मेमरी मागून घेतोय आणि परत करायला विसरतोय. यालाच मेमरी लीक म्हणतात.

आता बेरीज पुन्हा मांडा. १.९ प्रोग्राम, २.९ नॉन-पेज्ड, ०.४ पेज्ड. झाले ५.२. उरलेल्या ०.३ मध्ये कॉम्प्रेस केलेली पानं, प्रोग्रामांत सामाईक असलेले भाग वगैरे. विंडोज १० पहिल्यापासून, म्हणजे २०१५ पासून, मेमरी दाबून लहान करून ठेवते. 'वापरात'च्या शेजारी कंसात जो छोटा आकडा येतो तो त्याचा. तुम्ही बेरीज केलीत त्या रकान्यात प्रत्येक प्रोग्रामचा फक्त खासगी हिस्सा असतो, त्यामुळे ती बेरीज कधीच पूर्ण येत नाही. थोडी तफावत चालते. ३.६ चालत नाही.

जमाखर्च

आता जीवात जीव आला. हिशेबात खातंच धरलेलं नव्हतं तर! पण एक पटत नाही. मी मशीन रोज रात्री बंद करते. बंद केलं की रॅममधलं सगळं जातं ना? मग सकाळी पुन्हा २.९ कुठून येतं?

खटपट्या

हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं. टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स'खाली 'सीपीयू'वर जा आणि 'अप टाइम' वाचा.

जमाखर्च

१९ दिवस, ४ तास आणि काही मिनिटं. हे कसं शक्य आहे? काल रात्री मी स्वतः बंद केलं, पंखासुद्धा थांबला होता.

खटपट्या

पंखा थांबला, पण विंडोजच्या हिशेबी दिवस संपलेला नाही. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे. तुम्ही 'शट डाऊन' म्हणता तेव्हा तुमचे प्रोग्राम खरंच बंद होतात, पण गाभा आणि ड्रायव्हर जसे आहेत तसे डिस्कवरच्या एका फाइलीत उतरवले जातात. सकाळी तेच परत उचलून रॅममध्ये ठेवतात. मशीन लवकर चालू होतं ते यामुळे. पण ड्रायव्हरने दाबून ठेवलेली मेमरीही त्याच फाइलीतून जशीच्या तशी परत येते. तुमच्या भाषेत सांगायचं तर वही मिटली, खातं बंद झालं नाही, अखेरची बाकी रोज पुढे ओढली जातेय.

'रीस्टार्ट' मात्र खरा असतो. त्यात गाभा नव्याने उभा राहतो. विचित्र वाटेल, पण या बाबतीत बंद करून चालू करण्यापेक्षा रीस्टार्ट जास्त पक्का. पूर्ण बंदच करायचं असेल तर शिफ्ट दाबून ठेवून 'शट डाऊन' निवडा. कायमचं हवं असेल तर कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'पॉवर बटणांनी काय करावं' या पानावर फास्ट स्टार्टअपची खूण काढता येते. एसएसडी असल्याने चालू व्हायला फार वेळ वाढणार नाही.

आता रीस्टार्ट करा. चालू झाल्या झाल्या नॉन-पेज्डचा आकडा लिहा आणि मग दर तासाला एकदा लिहीत जा. आणि आठवून सांगा, १९ दिवसांपूर्वी मशीनमध्ये नवीन काय आलं?

टॅबसम्राट

मध्येच तोंड घालतो. माझे ६० टॅब उघडे असतात आणि टास्क मॅनेजरमध्ये ब्राउझरच्या ओळीच ओळी. तोही लीक का?

खटपट्या

नाही, ते मुद्दाम तसं केलंय. एक टॅब कोसळला तर बाकीचे टिकावेत आणि एका संकेतस्थळाने दुसऱ्याचं वाचू नये म्हणून वेगवेगळ्या प्रक्रिया चालवतात. २०१८ मध्ये स्पेक्टर नावाची प्रोसेसरमधली त्रुटी जाहीर झाल्यावर क्रोमने ही भिंत डेस्कटॉपवर सरसकट उभी केली, आणि त्याची किंमत रॅममध्ये मोजावी लागते. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलंत की ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो, त्यात कोणता टॅब किती खातो ते नावानिशी दिसतं. सेटिंगमध्ये 'मेमरी सेव्हर' चालू ठेवा. पण ६० टॅब... वाचणार आहात का खरंच?

टॅबसम्राट

वाचणार आहे. कधीतरी.

जमाखर्च

रीस्टार्ट केला. वापरात २.४ जीबी, ३१ टक्के! एक्सेल उघडलं, सरसर चाललं. आणि दर तासाचा नॉन-पेज्ड असा :

दहा वाजता २१२ एमबी. अकराला २३६. बाराला २६१. एकला २८४.

म्हणजे तासाला २४ च्या आसपास. आमचं मशीन दिवसाला सरासरी ६ तास चालू असतं. २४ गुणिले ६ गुणिले १९ बरोबर २७३६. त्यात सुरुवातीचे २१२ मिळवले की २९४८ एमबी, म्हणजे २.९ जीबी. एवढी सरळ जुळणी मला ताळेबंदातही क्वचित मिळते.

नवीन काय आलं तेही सापडलं. मुलाला विचारलं तर आधी 'काही नाही', मग 'एक छोटंसं टाकलंय'. गेम ऑनलाइन खेळताना अडखळू नये म्हणून नेटवर्कमध्ये गेमला पुढची रांग देणारं कसलंसं सॉफ्टवेअर. टाकल्यावर रीस्टार्ट मागितला होता, असं तोच म्हणाला. १९ दिवस तिथूनच मोजले जातायत.

खटपट्या

संशय भक्कम आहे, पण शिक्षा देण्याआधी पुरावा घ्या. असली सॉफ्टवेअर नेटवर्कच्या वाटेत आपला ड्रायव्हर बसवतात. गाभ्यातून मेमरी मागणारा प्रत्येक जण त्या मागणीवर चार अक्षरांची खूण लावतो, तिला पूल टॅग म्हणतात. 'पूलमॉन' नावाचं मायक्रोसॉफ्टचंच साधन आहे, ड्रायव्हर बनवणाऱ्यांच्या संचात मिळतं. प्रशासक म्हणून चालवा. पी दाबत गेलात की फक्त नॉन-पेज्ड उरतं, बी दाबलं की सर्वांत मोठा सगळ्यात वर. किती वेळा मेमरी घेतली, किती वेळा परत केली आणि दोन्हींतला फरक असे रकाने दिसतील. ज्याचा फरक नुसता वाढतच जातो तो आपला माणूस. मग विंडोजच्या ड्रायव्हर्स फोल्डरमधल्या फाइलींत ती चार अक्षरं शोधा, कुठल्या फाइलीत आहेत ते कळलं की मालक सापडला.

हे जड वाटत असेल तर सोपी वाट : ते सॉफ्टवेअर काढा, रीस्टार्ट करा आणि पुन्हा तासातासाला आकडा लिहा.

जमाखर्च

जड वाटलं, पण केलं. घेणं-देणं-बाकी असे रकाने बघून घरच्यासारखंच वाटलं. सर्वांत वरच्या टॅगचा फरक माझ्या डोळ्यांदेखत वाढत होता, परतफेड जवळजवळ नाहीच. ती अक्षरं एकाच फाइलीत सापडली. त्या फाइलीच्या प्रॉपर्टीजमध्ये कंपनीचं नाव होतं, तेच गेमवाल्या सॉफ्टवेअरचं.

काढून टाकलं. रीस्टार्ट. काल सकाळी २०८ होतं, रात्री २१५, आज सकाळी २१०. इकडे तिकडे हलतंय, चढत नाहीये. फास्ट स्टार्टअप सध्या बंद ठेवलाय, चालू व्हायला सात-आठ सेकंद जास्त लागतात, तेवढं चालेल.

मुलगा म्हणतो गेम आधीइतकाच अडखळतो. म्हणजे ते सॉफ्टवेअर घेत होतं, देत काहीच नव्हतं.

झटपट

मानलं. पण रॅम वाढवाच, एक्सेल मोठं आहे तुमचं.

खटपट्या

आता वाढवायला हरकत नाही, पण आठवडाभर 'कमिटेड' बघा. कामाच्या भर गर्दीत पहिला आकडा रॅमच्या पुढे बराच जात असेल आणि डिस्कही सतत धावत असेल, तरच फायदा दिसेल. मेमरीच्या त्याच पानावर 'स्लॉट्स युज्ड' असतं. दोनपैकी एक वापरात दिसला तर तशीच दुसरी पट्टी बसवा, दोन पट्ट्यांत काम वाटलं जातं. डीडीआर३ आणि डीडीआर४ ची खाच वेगवेगळ्या जागी असते, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. जोर लावू नका.

जमाखर्च

पाच दिवसांत कमिटेड सर्वांत जास्त ६.९ दिसलं, मर्यादा आता १२ च्या पुढे आहे. रॅम तूर्तास नको.

कळफलक

हा धागा वाचून आत्ताच पाहिलं. माझं नॉन-पेज्ड १.१ जीबी, अप टाइम ३३ दिवस. गेम वगैरे काही नाही, प्रिंटर आणि वायफाय एवढंच. मीही रोज रात्री बंद करतो. नवीन धागा काढू का?

जमाखर्च

नको, इथेच लिहा. आधी रीस्टार्ट करा, शट डाऊन नाही. चालू झाल्यावर लगेच पहिला आकडा टिपून ठेवा, मग दर तासाला एक. चार आकडे झाले की टाका, मग भागाकार करू.